भाकरी, मोसंबी, सीताफळ: आपल्या घरातल्या अन्नाचं स्थिरचित्र कसं काढायचं

स्थिरचित्र म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना इंटरमिजिएटची परीक्षा आठवते. टेबलावर ठेवलेली किटली, एक वांगं, दोन टोमॅटो, मागे सोडलेलं कापड आणि घड्याळाकडे बघत घाईघाईत मारलेले पोस्टर कलर. परीक्षा संपली की तो विषयही संपतो. पुढे कधी चित्राची हौस पुन्हा जागी झालीच, तर माणूस मोबाइलवर नमुना शोधतो. समोर येतात लालभडक सफरचंदं, काचेच्या चंबूत वाइन, चांदीचं ताट. मग तेच बघून उतरवायला बसतो.

ज्यांनी ही चित्रं मुळात काढली ते मात्र आपल्या गावचं अन्न समोर ठेवून बसले होते. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या हार्लेम गावी पीटर क्लास पाव, हेरिंग मासा, अर्धवट सोललेलं लिंबू आणि बिअरचा पेला मांडायचा, कारण तिथल्या न्याहारीला तेच असायचं. स्पेनच्या हुआन सांचेझ कोतान यानं १६०२ च्या सुमारास एका अंधाऱ्या खिडकीच्या चौकटीत कोबी दोरीनं टांगून रंगवला. भाज्या-फळं टिकावीत म्हणून तिकडे ती अशी टांगून ठेवायचे. आपल्याकडचं शिंकं ते हेच. असं असेल तर लातूर-परभणीच्या माणसानं पहिलं चित्र भाकरीचं काढायला काय हरकत आहे? माझं तर म्हणणं आहे की त्यानं तिथूनच सुरुवात करावी. रोज हाताळलेल्या वस्तूचं वजन, तिचा खरखरीतपणा, ती कुठून मोडते हे हाताला माहीत असतं, आणि चित्र काढताना ती माहिती फार उपयोगी पडते.

ज्यांनी कधी रंग हातात घेतलेला नाही किंवा शाळेनंतर सोडून दिला, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पहिलं चित्र दोन-तीन सकाळींत पुरं होईल अशा बेतानं लिहिलंय.

काय मांडायचं

पहिल्या चित्राला एकच वस्तू घ्या. नवशिक्यांना हे पटत नाही, एका मिरचीचं काय चित्र काढायचं असं वाटतं. १८८० मध्ये फ्रेंच चित्रकार एदुआर माने यानं शतावरीच्या कोवळ्या कोंबांची जुडी रंगवली. शार्ल एफ्रुसी नावाच्या संग्राहकानं ती ८०० फ्रँकला ठरवली, पण पाठवले १,०००. माने यानं मग एकाच कोंबाचं आणखी एक छोटं चित्र काढलं आणि तुमच्या जुडीतला एक राहिला होता असं कळवून त्याला पाठवून दिलं. आज जुडी जर्मनीत कोलोनच्या संग्रहालयात आहे आणि तो एकटा कोंब पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात. संगमरवरी टेबलाच्या कडेवर आडवी पडलेली एक काडी, बाकी काही नाही, तरी बघत राहावं असं चित्र आहे. एक कांदा, एक मोसंबी किंवा एक वाळलेली लाल मिरची तुम्हाला पुष्कळ शिकवेल.

दुसऱ्या चित्रापासून तीन वस्तू घ्या आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या निवडा. एक गुळगुळीत, एक खरखरीत. एक चकाकणारी, एक उजेड पिऊन टाकणारी. लोखंडी खलबत्ता, अर्धी भाकरी आणि कांदा ही जोडणी मला सगळ्यात आवडते. काळं लोखंड, पांढुरकी भाकरी आणि मधल्या छटेचा कांदा. चित्राला लागणाऱ्या तिन्ही पायऱ्या इथे आयत्या मिळतात.

बाजारात जाऊन महाग काही आणू नका, ऋतूप्रमाणे चाला. मे महिन्यात केशर आंबा. दिवाळीच्या मागेपुढे बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ. संक्रांतीला सुगडाचं वाण, म्हणजे ओला हरभरा, बोरं, गाजर, उसाचं कांडं, गव्हाच्या ओंब्या. इतकी रंगीत आणि मोजकी मांडणी वर्षात दुसऱ्या कुठल्या सणाला सापडणार नाही, आणि सुगडाचा काळा किंवा तांबडा मातकट रंग त्या हिरव्या-केशरी रंगांना छान सावरतो. थंडीत हुरड्याची कणसं. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला शेतात नेलेलं आंबिलाचं मडकं, भज्जी आणि बाजरीचे उंडे. होळीच्या आसपास चिंच. तिचं टरफल अर्धवट फोडून आतला तपकिरी गर आणि शिरा दाखवल्या तर एकट्या चिंचेचंही चित्र होतं.

जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ आणि मराठवाड्याचा केशर आंबा या तिघांना भौगोलिक मानांकन आहे. चित्रकाराला त्याचा फायदा एवढाच, की ही फळं आपल्याला झाडावरून उतरल्यावर लगेच मिळतात. देठाला पान चिकटलेलं, सालीवर धूळ, एका अंगाला उन्हाचा डाग. लांबच्या बाजारातून पुसून-चकाकवून आलेल्या फळात हे काही उरलेलं नसतं. आणि डाग पडलेलं फळ बाजूला टाकू नका. इटालियन चित्रकार काराव्हाज्जो यानं १५९९ च्या सुमारास फळांची टोपली रंगवली, ती मिलानच्या अँब्रोझियाना संग्रहालयात आहे. तिच्यात समोरच्याच सफरचंदाला कीड लागलेली आहे आणि कडेची पानं सुकून मुरडलेली आहेत. चारशे वर्षं लोक ती टोपली बघतायत, ते त्या खरेपणामुळेच.

सुरुवातीला काय टाळायचं तेही सांगतो. तर्री आलेली आमटी, गरम भात, चिवडा. तर्रीवर उजेड सारखा हलतो, भातात आकार सापडत नाही आणि चिवड्यात प्रत्येक दाणा काढायचा मोह होतो. नान खलियाचं, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचं, चित्र फार सुंदर होईल, पण सहा महिन्यांनी.

साहित्य

२बी आणि ६बी पेन्सिल, चांगला खोडरबर, रेखाटनाला कार्ट्रिज पेपर. जलरंगाला जाड कागद लागतो, ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला वजन) घ्या. पातळ कागद पाणी लागलं की फुगतो आणि मन उडतं. कागदाचा आकार पाव इम्पिरियल, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंच, पुरे. गोल ब्रश तीन: २, ६ आणि १० नंबर. रंगांचा मोठा डबा घेण्यापेक्षा आठ नळ्या घ्या: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, क्रिमसन, अल्ट्रामरीन निळा, सॅप ग्रीन आणि पांढरा.

काळा मुद्दाम सांगितला नाही. नवशिका सावली आली की काळा लावतो आणि फळ कोळशाचं होतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळा, हवा तेवढा गडद आणि जिवंत काळा तयार होतो. रंग कमी पडतील अशी भीती वाटत असेल तर अजिंठ्याला जाऊन या. गेरू, पिवळी माती, काजळी, पांढऱ्यासाठी चुना, एक हिरवी माती आणि बाहेरून आलेला निळा लाजवर्द, एवढ्यावर तिथल्या कलावंतांनी भिंतीच्या भिंती रंगवल्या. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात गेलात तर मान वर करून छत बघा. चौकटी-चौकटींत फुलं, फळं, पक्षी भरले आहेत. ती सजावट आहे, आपण म्हणतो तसं स्थिरचित्र नव्हे, पण फळाची गोलाई थोडक्या रंगांत कशी आणायची ते तिथं दिसतं.

रंग मिसळायला चिनी मातीची पांढरी बशी घ्या. स्टीलच्या ताटात रंग खरा दिसत नाही. आणि आपल्या हवेचा एक त्रास आधीच ध्यानात ठेवा. मार्च ते मे रंग बशीतच वाळतो, कागदावरचा ओला थर पसरायच्या आत सुकून त्याला कडा पडतात. पंखा बंद ठेवा, बशीखाली ओलं फडकं अंथरा, कागद मागून ओल्या स्पंजनं पुसून घ्या आणि सकाळी नऊच्या आत काम उरका. रंग वाळला म्हणजे वेळ वाचला असं समजू नका. दोन रंगांची कड एकमेकांत मुरायला ओल लागतेच.

उजेड

घरात सगळीकडून उजेड आला की वस्तू चपट्या दिसतात. ट्यूबलाइट बंद करा. एक खिडकी उघडी ठेवा, बाकीच्यांवर चादर टाका. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम, कारण तिथून ऊन थेट येत नाही आणि सावल्या बराच वेळ जागच्या हलत नाहीत. पूर्वेची असेल तर ऊन वर चढून खोलीत नुसता उजेड उरला की बसा. पश्चिमेची खिडकी दुपारनंतर निरुपयोगी, तापही होतो.

जुन्या माळवदाच्या घरात राहत असाल तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. छताच्या झरोक्यातून एकच झोत खाली येतो आणि बाकी खोली काळोखात असते. असा उजेड मिळावा म्हणून शहरातले चित्रकार काळे पडदे लावतात. भिंतीत कोनाडा असेल तर वस्तू त्याच्यात ठेवून बघा. कोतानची ती अंधारी चौकट आपल्या घरात तयारच आहे. कोनाड्यात एक कांदा ठेवा, वरून दोरीनं लसणाची जुडी सोडा आणि बाजूनं उजेड येऊ द्या.

उजेड बाजूनं आणि थोडा वरून यावा. समोरून आला की सावली वस्तूच्या मागे दडते आणि गोलाई कळत नाही. वस्तू ठेवल्यावर तिच्याभोवती एक फेरी मारा. डावीकडून, उजवीकडून, उभं राहून, खाली बसून बघा. जिथून उजेड आणि सावली यांची सीमा स्वच्छ दिसते तिथं पाट किंवा खुर्ची टाका आणि जागेवर खडूनं खूण करा. चहाला उठून परत आलात की त्याच जागी बसता आलं पाहिजे.

मांडणी

वस्तू एका ओळीत उभ्या करू नका. एक पुढे, एक मागे, एकीनं दुसरीला थोडं झाकलेलं. झाकल्याशिवाय खोली येत नाही. तीनही वस्तूंमध्ये सारखी फट सोडू नका. दोन जवळ, एक जरा दूर.

डच चित्रकारांची एक युक्ती आहे. ताट किंवा सुरी टेबलाच्या कडेबाहेर थोडी काढून ठेवायची. ती बघणाऱ्याकडे येते आणि टेबलाला लांबी मिळते. आपण भाकरीचा तुकडा परातीच्या काठावर ठेवून तेच करू शकतो. दुसरी युक्ती फ्रेंच चित्रकार सेझान याची. तो मांडणी करताना फळांखाली नाणी सरकवायचा, म्हणजे फळ हवं तसं कलतं. मोसंबीखाली रुपयाचं नाणं ठेवून बघा. तिचा देठ तुमच्याकडे वळवला की ती लगेच बोलकी होते. जमिनीवर सरळ बसलेलं फळ मुकं वाटतं.

पार्श्वभूमीला साधं कापड घ्या. पैठणी किंवा हिमरू नका घेऊ. त्यांची नक्षी एवढी देखणी असते की फळाकडे लक्षच जात नाही, आणि ती नक्षी घडीबरोबर वाकवणं हे वेगळंच काम आहे. विटलेलं धोतर, गोणपाट किंवा धुऊन फिकी झालेली इरकल हे सगळं चालेल. भाकरीसाठी गडद कापड, खलबत्त्यासाठी फिकं.

जुन्या पोस्टकार्डात काडेपेटीएवढी चौकोनी खिडकी कापा आणि तिच्यातून एक डोळा मिटून बघा. हात पुढे-मागे करत राहा. वर मोकळी जागा फार सुटत असेल तर पुढे सरका. चित्रात वस्तू इवल्याशा आणि भोवती नुसतं कापड, ही नवशिक्यांच्या चित्रांत सारखी दिसणारी गोष्ट आहे. वस्तूंनी कागदाचा दोन-तृतीयांश भाग तरी व्यापावा.

रेखाटन

आधी तपशिलात शिरू नका. हात पूर्ण लांब करून पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा आणि अंगठ्यानं तांब्याची उंची मोजा. तीच लांबी आडवी करून रुंदीवर लावा. भाकरी तांब्याच्या उंचीच्या किती पट रुंद दिसते? कांदा त्याच्या किती हिश्शात बसतो? ही तीन-चार मापं कागदावर हलक्या खुणांनी मांडली की निम्मं काम झालं. कोपर वाकवलं की माप चुकतं, म्हणून हात ताठ.

नंतर वस्तू बघायच्या सोडून त्यांच्यामधली रिकामी जागा बघा. तांब्या आणि मोसंबी यांच्यात कापडाचा जो तुकडा दिसतो त्याचा आकार काढा. मोसंबी गोल असते हे मनाला माहीत असल्यामुळे आपण न बघताच गोल काढतो. रिकाम्या जागेचा आकार मनाला पाठ नसतो, तिथं बघावंच लागतं.

परात, ताट, तांब्याचं तोंड, वाटी, भाकरी या सगळ्यांत लंबवर्तुळ येतं आणि तिथंच बहुतेक चित्रं फसतात. वस्तू डोळ्याच्या रेषेत असेल तर तिचं तोंड नुसती आडवी रेष दिसतं. जसजशी ती खाली जाते तसतसं ते तोंड उघडत जातं. म्हणून तांब्याच्या तोंडापेक्षा त्याच्या बुडाची गोलाई जास्त फुगीर येते. पुष्कळ जण बूड सरळ रेषेत कापून टाकतात आणि तांब्या हवेत तरंगायला लागतो. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोपरा कधीच येत नाही, तिथं रेष वळते. झाकलेला भागही हलक्या हातानं पूर्ण काढा, नंतर खोडा.

रंगाच्या आधी काडेपेटीएवढ्या दोन-तीन चौकटींत तीनच छटांचं चित्र करा: कोरा कागद, मधला राखाडी, गडद. डोळे अर्धे मिटून समोर बघितलं की तपशील विरघळतात आणि हे तीन भाग आपोआप वेगळे होतात. हे करायला दहा मिनिटं लागतात. तीनच छटांत चित्र उभं राहत नसेल तर मांडणी बदला, रंग लावून ते सुधारणार नाही.

सावलीकडे नीट बघा. वस्तूच्या अंगावरची सावली सगळीकडे सारखी नसते. उजेड संपतो तिथं ती सर्वांत गडद, आणि कडेकडे टेबलावरून परतलेल्या उजेडानं पुन्हा थोडी फिकी. जमिनीवर पडलेली सावली वस्तूच्या बुडाशी काळी आणि कडक, लांब जाईल तशी मऊ. बुडाशी जी अगदी बारीक गडद रेघ असते ती विसरलात तर फळ टेबलावर बसणार नाही.

रंग: तीन जिनसा जवळून

मोसंबीपासून सुरू करा. ती पिवळी आहे असं म्हणून थांबू नका. आपल्याकडची मोसंबी हिरवट पिवळी असते, सालीवर बारीक उभ्या रेषा असतात आणि बुडाशी एक गोल वळं असतं. आधी लेमन यलोमध्ये सॅप ग्रीनचा अगदी थेंब मिसळून सगळीकडे पातळ थर द्या, चमकेची जागा कोरी सोडून. तो ओला असतानाच सावलीच्या बाजूनं यलो ऑकर आणि किंचित बर्न्ट सिएना सोडा. सावलीच्या गाभ्यात क्रिमसन आणि अल्ट्रामरीनचा फिका जांभळा. पिवळ्यावर जांभळा गेला की तो मळकट न होता शांत होतो. सालीची छिद्रं सगळ्या फळावर टिंबटिंब करून काढू नका. उजेडात ती दिसत नाहीत, सावलीतही दिसत नाहीत, दिसतात ती दोहोंच्या सीमेवर. तेवढ्याच पट्ट्यात दहा-पंधरा टिंबं द्या, बघणाऱ्याचा डोळा बाकीची भरून घेतो. चमकही एक सलग ठिपका नसते. साल खरबरीत असल्यामुळे ती चार-पाच बारीक ठिपक्यांत फुटते.

सीताफळ बघून नवशिके घाबरतात, कारण खवले. ते काढायला बसलात की मोजता मोजता संध्याकाळ होईल. एक सीताफळ हातात घ्या आणि देठापासून बोट फिरवा. खवले आडव्या रांगांत नसून तिरक्या फिरत्या ओळींत असतात, दोन बाजूंनी येऊन एकमेकींना छेदणाऱ्या. देठाशी आणि टोकाशी ते बारीक, पोटावर मोठे. कडेला ते आपल्यापासून वळतात म्हणून अरुंद दिसतात. आधी पूर्ण फळ साध्या गोळ्यासारखं उजेड-सावलीत रंगवा: सॅप ग्रीन, थोडा यलो ऑकर आणि मोठा भाग पांढरा. सीताफळाचा हिरवा हा राखाडीकडे झुकलेला असतो, नळीतून आलेला कच्चा हिरवा लावला की ते प्लास्टिकचं दिसतं. मग हलक्या पेन्सिलीनं त्या तिरक्या ओळी टाका. आणि मग मोसंबीचा नियम: खवले नीट कोरायचे ते फक्त उजेड आणि सावली भेटतात त्या पट्ट्यात. प्रत्येक खवला म्हणजे एक छोटा उंचवटा, त्याला स्वतःची उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू. उजेडाकडच्या खवल्यांना नुसत्या कडा सुचवा, सावलीतले एकमेकांत मिसळू द्या. फळ तयार झालं की खवल्यांमधल्या भेगा पांढुरक्या-पिवळट होतात, शेतकरी डोळे उघडले म्हणतात ते हेच. या फिक्या रेघा गडद रंगानं काढायच्या नाहीत. पोस्टर कलर असेल तर शेवटी पांढऱ्यात ऑकर मिसळून २ नंबरच्या ब्रशनं भरा, जलरंग असेल तर आधीच कोऱ्या सोडा.

आता भाकरी. ज्वारीची भाकरी पांढरी असते ही आपली समजूत. तिच्याशेजारी कोरा कागद धरा, लगेच कळेल. पांढऱ्यात यलो ऑकर आणि अल्ट्रामरीनचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब मिसळला की ती छटा मिळते. बाजरीच्या भाकरीला निळा आणि बर्न्ट अंबर वाढवा, ती पावसाळी ढगाच्या अंगानं जाते. भाकरीच्या दोन बाजू वेगळ्या असतात. ज्या बाजूला पाणी फिरवलं ती गुळगुळीत, दुसरीकडे पापुद्रा सुटलेला आणि त्याच्यावर कोरड्या पिठाचा भुरका. चित्राला पापुद्र्याची बाजू वर ठेवा आणि एका ठिकाणी तो बोटानं उचकटून थोडा उघडा करा. त्या फटीत जी उबदार तपकिरी सावली दिसते ती बर्न्ट सिएनानं घ्या. चित्रातली सगळ्यात खोल जागा ती.

करपलेले डाग हे भाकरीचे डोळे. ते सारखे नसतात. मध्ये गडद, भोवती तांबूस, कडेला पिवळट होत विरणारे. ओल्यावर ओला रंग सोडला तर हे विरणं आपोआप येतं. एक गोष्ट सांभाळा, भाकरी तिरकी दिसत असेल तर तिच्यावरचे डागही तिरके दिसतात, म्हणजे गोल न राहता आडवे चपटे होतात. गोल डाग काढले की भाकरी उभी राहते आणि ताट आडवं राहतं. काठाची जाडीही दाखवा. उजेडाकडच्या काठावर एक बारीक फिकी रेघ, मोडलेल्या कडेला खडबडीत दातेरी रेष. सुरीनं कापल्यासारखी कड काढली तर ती भाकरी राहत नाही.

ठेचा मांडला असेल तर मिरचीचं बी मोजत बसू नका. सगळा एक गडद हिरवा गोळा म्हणून रंगवा, वर तेलाच्या चार-दोन चमका आणि कडेला दोन-तीन बिया. कांद्याच्या सालीवरच्या रेषा शेंड्याकडून मुळाकडे पोटाच्या गोलाईनं वळत जातात. त्या वळल्या तर कांदा गोल दिसतो, सरळ ओढल्या तर चपटा. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्याला राखाडी रंग लावायची गरज नाही, शेजारच्या वस्तूंचे आणि कापडाचेच रंग मळवून त्यात टाका, कारण ते भांडं तेच परत दाखवत असतं.

अन्न थांबत नाही

मातीच्या मडक्याचं चित्र महिनाभर चालू शकतं, अन्नाचं नाही. सेझान इतका सावकाश रंगवायचा की फळं नासून जायची, असं सांगतात. आपण काम वाटून घ्यायचं. कोथिंबीर, मेथी, कापलेलं लिंबू किंवा पेरू या गोष्टी पहिल्या तासात रंगवून मोकळं व्हायचं. उन्हाळ्यात कोथिंबीर त्याआधीच मान टाकते, म्हणून जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि तिची पाळी आली की बाहेर काढा. सीताफळ किंचित टणक असतानाच घ्या. दोन-तीन दिवसांत ते पिकून भेगाळतं, आणि भेगाळलेलं सीताफळ हे वेगळं चित्र आहे. कांदा, लसूण, चिंच, वाळलेली मिरची शेवटी घेतली तरी चालते.

भाकरी वाळली की तिच्या कडा वर वळतात आणि आकारच बदलतो. दुसऱ्या दिवशी ताजी ठेवावी लागणार हे धरून चाला. म्हणून पहिल्या दिवशी बाह्यरेषा आणि डागांच्या जागा पक्क्या करा, दुसऱ्या दिवशीची भाकरी फक्त रंग आणि उजेड बघायला. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, पण तो कुठली वस्तू कुठे होती हे बघण्यापुरता. फोटोत पांढरा निळसर होतो आणि सावल्या काळ्या ठिक्कर पडतात. रंग डोळ्यानं बघूनच घ्यायचे.

अन्न समोर ठेवून चित्र काढताना मला एका गोष्टीचा आग्रह आहे. जेवढं चित्राला लागतं तेवढंच मांडा. टोपलीभर फळं ओतून नासवण्याची ही कला नव्हे, आणि पावसानं ओढ दिली की दाण्यादाण्याची किंमत कळणारा आपला भाग आहे. वस्तूंवर रंगाचे शिंतोडे उडू देऊ नका, मांडणी आणि रंगाची बशी यांत हातभर अंतर ठेवा, म्हणजे काम झाल्यावर मोसंबी खाता येते. रंग लागलेलं मात्र खाऊ नका, आणि ब्रश धुवायचा पेला चहाच्या पेल्यापासून लांब, वेगळ्या आकाराचा ठेवा. ब्रश तोंडात धरून टोक काढायची सवय असेल तर ती आजच सोडा. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, माश्यांसाठी चहाला उठताना वर जाळी.

संपलं हे कसं ओळखायचं

चित्र आरशात धरून बघा. उलटं झालं की वाकडा तांब्या आणि घसरलेली भाकरी लगेच दिसते. मग भिंतीला टेकवून दहा पावलं मागे जा. तिथून उजेड कुठल्या बाजूनं येतो ते कळलं पाहिजे आणि कुठली वस्तू पुढे आहे ते कळलं पाहिजे. एवढं होत असेल तर थांबा. जलरंग घासत राहिलात तर कागद मळतो, पुढे काही हाती लागत नाही.

मागच्या बाजूला तारीख, गाव आणि मांडणीतल्या वस्तू लिहून ठेवा. कागद भिंतीला चिकटवू नका, पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढून हवा द्या.

दुसऱ्या चित्राला नवी वस्तू शोधत फिरू नका. तीच मोसंबी, तोच तांब्या घ्या, फक्त खिडकीची दुसरी बाजू धरा किंवा पाटावरून उठून खुर्चीवर बसा. तोंडाचं लंबवर्तुळ उघडेल, सावली उलट्या बाजूला जाईल, देठाचा हिरवा सावलीत बुडेल. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा, आणि तिसऱ्याला मोसंबी सोलून, एक फाक बाजूला काढून ठेवा. फाकेच्या पातळ पापुद्र्यातून उजेड आरपार जातो. तो रंगवायला लेमन यलो अगदी पातळ करा आणि मागची सावली थोडी पिवळट घ्या.